घरातला ई-कचरा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दसरा-दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून डबे खाली येतात आणि त्यांतून जुने मोबाइल, बंद पडलेला मिक्सर आणि कशाचा कोणता ते आता कुणालाच न आठवणारे चार्जर निघतात. हे द्यायचं कुठे, या प्रश्नापाशी बहुतेक घरं अडतात आणि डबे पुन्हा माळ्यावर जातात. सोसायट्यांमध्ये ई-कचरा गोळा करताना लोक जे विचारतात, तेच प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं महाराष्ट्रातलं घर डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत, पण नियम देशभर तेच आहेत.

ई-कचऱ्यात नेमकं काय काय येतं?

विजेवर किंवा बॅटरीवर चालणारी आणि आता तुम्हाला नको असलेली जवळपास प्रत्येक वस्तू. मोबाइल, लॅपटॉप, टीव्ही पटकन आठवतात. इस्त्री, गिझर, पंखा, सेट-टॉप बॉक्स, वायफायचा राउटर, इयरफोन, रिमोट, प्रिंटरचं कार्ट्रिज, रक्तदाब मोजायचं यंत्र आणि मुलांची सेलवर चालणारी गाडी सहसा आठवत नाहीत. आपल्याकडे २०१६ च्या नियमांत २१ प्रकारच्या उपकरणांची यादी होती. २ नोव्हेंबर २०२२ ला निघालेल्या आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नव्या नियमांनी ती १०६ वर नेली. ओळखायची सोपी खूण हवी असेल तर वस्तूच्या मागे किंवा खाली पाहा. चाकांच्या कचराकुंडीवर फुली मारलेलं छोटं चित्र असेल, तर ती वस्तू घंटागाडीत टाकायची नाही.

वापरत नाही, पण टाकतही नाही. खणात पडून राहिलं तर काय बिघडतं?

अडीनडीला एक जादा फोन चालू स्थितीत ठेवणं योग्यच आहे. पण त्याच्याखाली असलेले तीन-चार फोन तुम्ही पुन्हा कधीही वापरणार नाही. आज तो फोन दुरुस्त होऊन कुणाच्या तरी हातात जाऊ शकतो. आणखी तीन वर्षांनी त्याची बॅटरी मेलेली असेल, त्याला नवं सॉफ्टवेअर मिळणार नसेल आणि त्याचे सुटे भागही बाजारातून गेलेले असतील. म्हणजे वापरण्याजोगी वस्तू निव्वळ पडून राहून भंगार होते. शिवाय लिथियमची बॅटरी वर्षानुवर्षं तशीच राहिली की फुगू शकते, आणि आपण तो खण उघडून पाहतही नाही.

तेव्हा नवी वस्तू घरात आली, की जुनीचं काय करायचं ते त्याच आठवड्यात ठरवावं.

भंगारवाला दारात येऊन पैसे देऊन नेतो. रिसायकलिंगवाले तर पैसेही देत नाहीत. मग मोडीत घातलं तर चुकलं कुठे?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच, आणि बाकी सगळं याच्या उत्तरावर अवलंबून आहे.

भंगारवाला तुम्हाला पैसे देतो ते त्या वस्तूतल्या तांब्याचे, ॲल्युमिनियमचे, लोखंडाचे आणि सर्किट बोर्डाचे. तो माल दोन-तीन हात बदलून अशा जागी पोचतो, जिथे ही धातू सगळ्यात स्वस्तात काढली जाते. स्वस्तात म्हणजे कशी? वायरवरचं प्लास्टिक सोलायला वेळ लागतो, म्हणून वायरींचा ढीग पेटवून देतात. प्लास्टिक जळून जातं, तांबं उरतं. वायरवरचं आवरण बहुधा पीव्हीसीचं असतं. ते उघड्यावर जळताना डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्यं धुरात येतात. सर्किट बोर्ड शेगडीवर तापवून डाख वितळवतात आणि चिपा उपटून काढतात. त्या डाखात शिसं असतं, आणि तापवणारा माणूस ती वाफ उघड्या तोंडाने घेतो. त्यापुढे बोर्ड आम्लात बुडवतात, सोनं-तांबं वेगळं करतात आणि उरलेलं आम्ल गटारात सोडतात.

दिल्लीतलं सीलमपूर या मोडतोडीसाठी देशभर ओळखलं जातं. उत्तर प्रदेशातल्या मुरादाबादेत, पितळी भांड्यांच्या त्या प्रसिद्ध गावात, सर्किट बोर्ड जाळून धातू काढायचा धंदा वाढला आणि रामगंगेच्या काठावर काळ्या राखेचे ढीग साचले. आपल्या मुंबईतही कुर्ला, साकीनाका भागातल्या भंगाराच्या गल्ल्यांत हा माल फोडला जातो.

शिसं लहान मुलांच्या वाढत्या मेंदूला इजा करतं आणि ती इजा भरून येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ई-कचरा आणि मुलांचं आरोग्य या विषयावर स्वतंत्र अहवाल काढला. जगभरात असंघटित कचरा क्षेत्रात सुमारे १ कोटी २९ लाख स्त्रिया काम करतात आणि त्यांच्या गर्भातल्या बाळांपर्यंतही हे विष पोचू शकतं, असं त्यात म्हटलं आहे.

तुमच्या हातात आलेले ते दोनशे रुपये कुणीतरी आपल्या फुप्फुसांतून फेडत असतं. रीतसर कारखान्याला धूर गाळावा लागतो, सांडपाणी शुद्ध करावं लागतं, कामगारांना मुखपट्टी आणि हातमोजे द्यावे लागतात. तो भाव कमी देतो किंवा देतच नाही, त्याचं कारण हा खर्च आहे.

म्हणजे दोष भंगारवाल्याचा?

नाही, आणि हे ठासून सांगायला हवं. दारोदार फिरून वस्तू गोळा करण्याचं जे काम तो आणि कचरावेचक करतात, तेवढं मोठं जाळं देशात ना सरकारकडे आहे, ना कंपन्यांकडे. बिघाड गोळा करण्यात नाही, पुढच्या जाळण्यात आणि आम्लात आहे. गोळा करणारे हात तेच ठेवून माल रीतसर कारखान्याकडे वळवता येतो. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ मध्ये उभी राहिली. तिच्यातूनच पुढे कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली आणि तिने महापालिकेशी करार करून काम सुरू केलं. ‘स्वच्छ’ ई-कचरा आणि घरातल्या इतर नकोशा वस्तूही गोळा करते. तुमच्या भागात अशी सोय असेल तर तीच पहिली निवड असावी. तिथे कष्टकऱ्याचं कामही टिकतं आणि माल योग्य जागी जातो.

ओळखीचा भंगारवाला असेल तर त्याच्याशी बोला. वस्तू अख्खी, न फोडता अधिकृत ठिकाणी देणार असेल, तर त्याला द्यायला हरकत नाही. बरेच जण तयार होतात. त्यांना कुणी विचारलेलं नसतं, एवढंच.

मोबाइलमध्ये सोनं असतं म्हणे. खरं का?

खरं आहे. एक टन जुन्या मोबाइलमधून साधारण २०० ते ३०० ग्रॅम सोनं निघू शकतं. खाणीतल्या एक टन दगडातून बऱ्याचदा पाच ग्रॅमही निघत नाही. २०२० च्या टोकियो ऑलिंपिकची सुमारे ५,००० पदकं जपानी लोकांनी दिलेल्या जुन्या उपकरणांतल्या धातूपासून बनवली होती. एप्रिल २०१७ ते मार्च २०१९ या काळात सुमारे ७९ हजार टन उपकरणं जमली, त्यांत ६२ लाखांवर मोबाइल होते. त्यांतून ३२ किलो सोनं, ३,५०० किलो चांदी आणि २,२०० किलो कांस्य निघालं.

पण घरी बसून हे करता येत नाही. ‘मदरबोर्डमधून सोनं काढा’ असे व्हिडिओ फिरतात. त्यात वापरलेल्या आम्लांच्या मिश्रणातून निघणारा वायू बंद खोलीत जीव घेऊ शकतो. एका फोनमधलं सोनं ग्रॅमच्या लहानशा अंशाएवढं असतं. मुलं असे व्हिडिओ बघत असतील तर वेळीच सांगा.

कायदा काय म्हणतो? माझ्यावर काही बंधन आहे का?

२०२२ च्या नियमांचा मुख्य भार उत्पादकावर आहे. ज्याने वस्तू बाजारात आणली, त्यानेच ती आयुष्याच्या शेवटी पुनर्चक्रणापर्यंत पोचवायची, याला विस्तारित उत्पादक जबाबदारी म्हणतात. त्यासाठी उद्दिष्टं ठरलेली आहेत: २०२३-२४ आणि २०२४-२५ साठी ६० टक्के, त्यापुढची दोन वर्षं ७० टक्के आणि २०२७-२८ पासून ८० टक्के. उत्पादक हे काम नोंदणीकृत पुनर्चक्रण कारखान्यांकडून प्रमाणपत्रं विकत घेऊन पूर्ण करतात. ही प्रमाणपत्रं मातीमोल भावाने विकली जाऊ नयेत म्हणून सरकारने किमान दर घालून दिला. घरगुती उपकरणांसाठी तो किलोमागे २२ रुपये आहे. काही मोठ्या कंपन्या त्याविरुद्ध न्यायालयात गेल्या. तरीही दर हवाच, असं मला ठामपणे वाटतं. कारखान्याला परवडेल एवढे पैसे मिळाले तरच तो भंगारवाल्याला बरा भाव देऊ शकेल आणि माल आपोआप त्याच्याकडे वळेल.

घरगुती ग्राहकाला या नियमांत कोणतंही उद्दिष्ट दिलेलं नाही. पण ज्या संस्थेकडे वर्षभरात कधीही १,००० किंवा त्याहून जास्त उपकरणं वापरात असतात, ती मोठी ग्राहक ठरते आणि तिने आपला ई-कचरा नोंदणीकृत उत्पादक, नूतनीकरण करणारा किंवा पुनर्चक्रण करणारा यांनाच द्यायचा असतो. मोठी महाविद्यालयं, बँका, रुग्णालयं यात येतात. जुने संगणक लिलावात सर्वात जास्त बोली लावणाऱ्याला देऊन टाकायची जुनी पद्धत इथे चालत नाही. तुम्ही अशा ठिकाणी काम करत असाल तर एकदा प्रशासन विभागात विचारून पाहा.

माझ्या एका फोनने असा काय फरक पडणार?

जगात २०२२ साली सुमारे ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला. त्यापैकी रीतसर गोळा होऊन पुनर्चक्रण झाल्याची नोंद फक्त २२.३ टक्क्यांची आहे. भारताचा वाटा ४१ लाख टनांच्या आसपास होता. चीन आणि अमेरिकेनंतर आपलाच क्रमांक लागतो. माणशी पाहिलं तर आपण वर्षाला तीन किलोच्या आसपास आहोत, जगाची सरासरी ७.८ किलो. आपला माणशी आकडा वाढतच जाणार आहे, कारण घराघरांत एसी आणि दुसरा टीव्ही आत्ता कुठे येतोय. लोकांची सवय लागायची ती याच काळात लागेल.

मग द्यायचं कुठे?

नवीन वस्तू घेताना दुकानातल्या एक्स्चेंजमध्ये देता येतं. पण जुनी वस्तू पुढे कुठे जाते, हे दुकानदाराला जरूर विचारा. कंपनीच्या संकेतस्थळावर ई-कचऱ्याचं पान असतं, तिथे संकलन केंद्रं आणि फोन क्रमांक दिलेले असतात. मोठ्या वस्तूंसाठी काही ठिकाणी घरी येऊन नेण्याची सोयही असते. महापालिका क्षेत्रात राहत असाल तर प्रभाग कार्यालयाच्या घनकचरा विभागात चौकशी करा. मोहिमेच्या तारखा तिथे कळतात. गोव्यात राहणाऱ्यांनी गोवा कचरा व्यवस्थापन महामंडळाकडे विचारावं.

तालुक्याच्या गावी किंवा खेड्यात यातलं काहीच जवळ नसतं, हे खरं दुखणं आहे. तिथे एकट्याने धडपडण्यापेक्षा ग्रामपंचायत, शाळा किंवा गणेश मंडळ यांच्यामार्फत एका कोरड्या खोलीत माल साठवून वर्षातून एकदा अधिकृत कारखान्याची गाडी बोलावणं जमण्याजोगं आहे. एका पोत्यासाठी गाडी येत नाही. टेम्पोभर माल असेल तर येते.

अधिकृत कोण, हे कसं ओळखायचं?

पाटीवर ‘ई-कचरा घेतला जाईल’ असं कुणीही लिहू शकतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्यांची नावं असतात. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडेही चौकशी करता येते. गोळा करायला आलेल्या माणसाला एवढंच विचारा: माल कोणत्या कारखान्यात जाणार, आणि पावती मिळेल का? नाव सांगता येत नसेल आणि पावती टाळत असेल, तर देऊ नका. पावतीवर तारीख, वस्तू आणि वजन हवं.

गल्लीत भोंगा लावून ‘जुने मोबाइल द्या, टब-बादली घ्या’ म्हणत येतात, त्यांना द्यावं का?

देऊ नका. इथे कचऱ्याइतकाच प्रश्न सुरक्षिततेचा आहे. २०२४ मध्ये तेलंगणात पोलिसांनी अशाच पद्धतीने गोळा केलेले हजारो जुने मोबाइल पकडले. ते दुरुस्त करून सायबर फसवणूक करणाऱ्यांना पुरवले जाणार होते, असा आरोप होता. प्रत्येक फोनला स्वतःचा आयएमईआय क्रमांक असतो, आणि तुमच्या नावावरच्या बिलावर तोच क्रमांक असतो. उद्या त्या फोनवरून गुन्हा झाला तर चौकशी तुमच्या दारापर्यंत येऊ शकते. प्लास्टिकच्या टबासाठी एवढं ओढवून घेऊ नये. घरातल्या आजी-आजोबांना आणि कामाला येणाऱ्या मावशींनाही हे आवर्जून सांगा, कारण दुपारी दारात तीच माणसं असतात.

माझे फोटो, बँकेचे तपशील कुणाच्या हाती लागले तर?

ही भीती रास्त आहे. निम्मे जुने फोन तिच्यापायीच खणात पडून राहतात, असं मला वाटतं. उपाय मात्र अर्ध्या तासाचा आहे.

फोन चालू असेल तर आधी हवं ते दुसरीकडे उतरवून घ्या. यूपीआयचं ॲप आणि बँकेचं ॲप यांतून बाहेर पडा. मग गूगल किंवा ॲपलचं खातं फोनवरून काढा. आयफोन असेल तर ‘फाइंड माय’ बंद करा. हे राहिलं तर फोन पुढच्या माणसासाठी कुलूपबंद राहतो आणि चांगला असूनही भंगारात जातो. त्यानंतर फॅक्टरी रीसेट. सिमकार्ड आणि मेमरी कार्ड काढायला विसरू नका. मेमरी कार्ड रीसेटने पुसलं जाईलच असं नाही. गेल्या काही वर्षांतल्या फोनांत माहिती सांकेतिक रूपात साठवलेली असते, त्यामुळे रीसेटनंतर ती परत मिळवणं जवळपास अशक्य असतं.

संगणकाची गोष्ट निराळी. फाइल डिलीट केली, कचरापेटी रिकामी केली, तरी हार्ड डिस्कवर माहिती तशीच असते. पुसली जाते ती फक्त तिच्या जागेची नोंद. संपूर्ण डिस्कवर नव्याने लिहिणारी मोफत सॉफ्टवेअरं आहेत, ती वापरा. डिस्कच बंद पडली असेल तर ती यंत्रातून काढून ठेवा आणि बाकीचा संगणक द्या. काही कारखाने डिस्क डोळ्यांदेखत चिरडून माहिती नष्ट केल्याचं प्रमाणपत्र देतात. हिशेबनीस, डॉक्टर, वकील यांनी ते घ्यावंच, कारण त्यांच्याकडे दुसऱ्यांची माहिती असते.

बंद पडलेल्या मोबाइलवर मात्र हातोडा चालवू नका, ड्रिलही नको. आत लिथियमची बॅटरी आहे, ती पेट घेते.

बॅटरी फुगली आहे. काय करू?

चार्जिंगला लावू नका. टोचू नका, दाबू नका, फोनचं झाकण जबरदस्तीने बसवू नका. सहज निघत असेल तर बॅटरी काढा आणि तिच्या टोकांवर चिकटपट्टी लावा. निघत नसेल तर फोन आहे तसाच धातूच्या डब्यात किंवा कुंडीत कोरड्या वाळूवर ठेवा. उन्हापासून, गॅसपासून आणि पडद्यांपासून लांब. लवकरात लवकर सेवा केंद्रात किंवा संकलन केंद्रात द्या, आणि देताना ती फुगलेली आहे हे तोंडाने सांगा. पिशवीत गुपचूप टाकून दिली तर ती गाडीत इतर सामानाखाली दाबली जाते.

लिथियम बॅटरी घंटागाडीत कधीच नको. गाडीत कचरा दाबला जातो, बॅटरी चेपते आणि आग लागते. ती आग विझवायला कचरा हाताळणारा कामगारच पुढे असतो.

रिमोटचे, घड्याळाचे सेल?

२०२२ च्या बॅटरी कचरा नियमांत सगळ्या प्रकारच्या बॅटऱ्या येतात, हे सेलही. एका बरणीत साठवा आणि ई-कचऱ्याबरोबर द्या. गोल चपटे बटन सेल प्रत्येकी वेगळे चिकटपट्टीत गुंडाळा आणि बरणी मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. लहान मुलाने लिथियमचा बटन सेल गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. तसं झालं तर घरी वाट न बघता थेट रुग्णालय गाठा.

इन्व्हर्टरची बॅटरी?

शिसं आणि आम्ल. तिला चांगला भाव येतो म्हणून ती कुणीही घ्यायला तयार असतं, पण नवी घेताना विक्रेत्यालाच परत द्या. किमतीतून वळती होते. आम्ल मोरीत ओतून रिकामी करू नका.

सीएफएल किंवा ट्यूब फुटली तर?

आत थोडा पारा असतो, सीएफएलमध्ये साधारण ३ ते ५ मिलिग्रॅम. घाबरून जाण्याएवढा नाही, पण झाडू मारण्याआधी थांबा. पंखा बंद करा, खिडक्या उघडा, मुलांना बाहेर न्या आणि पंधरा मिनिटं खोलीत कुणी जाऊ नका. मग जाड पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांनी काचा उचला, बारीक कण चिकटपट्टीने टिपा, सगळं पिशवीत घालून तोंड बंद करा. व्हॅक्यूम क्लीनर वापरू नका, त्याने पारा हवेत पसरतो. एलईडीत पारा नसतो, तरी आत सर्किट असल्यामुळे तोही ई-कचराच.

जुना फ्रिज किंवा एसी देताना काय पाहायचं?

गॅस. भंगारात तांब्याची नळी कापली, की आतला गॅस एका क्षणात हवेत जातो, आणि तो गॅस फार घातक असतो. फ्रिजमध्ये वर्षानुवर्षं वापरलेला आर-१३४ए हा वायू किलोला किलो तोलला तर कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४०० पट तापवतो. जुन्या एसीतला आर-२२ सुमारे १,८०० पट, शिवाय तो ओझोनच्या थरालाही धक्का लावतो. एका स्प्लिट एसीत किलोभर गॅस धरला, तर नळी कापणं म्हणजे पावणेदोन टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं आहे. नव्या फ्रिजांतला आर-६००ए हवामानाला फार कमी त्रास देतो, पण तो पेट घेणारा आहे, म्हणून निष्काळजीपणे कापणं कामगाराच्या जिवावर बेतू शकतं. वस्तू न कापता, अख्खी नेणाऱ्यालाच द्या. ‘कॉम्प्रेसर तेवढा काढून नेतो, बाकी तुम्ही टाका’ म्हणणाऱ्याला नकार द्या.

हेच सगळ्या उपकरणांना लागू आहे. आधी तांबं काढून घेतलेली वस्तू कारखान्याला परवडत नाही आणि उरलेलं विषारी धूड कुणालाच नको असतं.

जाड, डब्यासारखा जुना टीव्ही कुणीच घेत नाही!

कारण त्यात विकण्यासारखं थोडं आणि त्रास देणारं जास्त. त्याच्या काचेच्या नळीत किलो-दोन किलो शिसं असू शकतं. म्हणूनच तो रस्त्याकडेला फोडलेला सापडतो, तांब्याचं वेटोळं काढून नेलेलं. याला पैसे मिळतील ही आशा सोडा, नेण्याचा खर्च मागितला तर तोही द्या. मागून हात घालू नका. टीव्ही बंद असला तरी आत वीज साठून राहिलेली असू शकते.

दुरुस्त करावं की नवं घ्यावं?

शक्य तिथे दुरुस्त. फोन त्याच्या आयुष्यात जेवढं प्रदूषण करतो, त्यातला मोठा वाटा तो तयार होतानाच झालेला असतो. म्हणून आहे तो दोन वर्षं जास्त वापरणं हे कोणत्याही पुनर्चक्रणापेक्षा मोलाचं. बॅटरी बदलली की बरेच ‘संथ झालेले’ फोन पुन्हा धावतात. ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं. तिथे कंपन्यांची दुरुस्ती, सुटे भाग आणि हमी यांची माहिती मिळते. आपल्या प्रत्येक गावात मिक्सर-पंखे दुरुस्त करणारे कसबी हात अजून आहेत. त्यांचं दुकान चालू राहणं हेही कचरा कमी करण्याचंच काम आहे.

विंडोज १० ला मिळणारं मोफत साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलं आणि त्यामुळे धडधाकट लॅपटॉप लोक टाकायला काढताहेत. त्यांच्यावर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत संगणकप्रणाली घालून लिहिणं, इंटरनेट, मुलांचा अभ्यास हे सगळं होतं. शाळेला देणार असाल तर तसं करून, चार्जरसकट आणि चालू स्थितीत द्या. बंद वस्तू दान करणं म्हणजे आपला कचरा दुसऱ्याच्या दारात ठेवणं.

शेतावरचं सौर पॅनेल गारपिटीत फुटलं. ते कुठे जाणार?

हा प्रश्न आता खेड्यांतून येऊ लागला आहे आणि पुढे तो खूप वाढेल, कारण सौर कृषी पंपांच्या योजनेतून पॅनेल शिवाराशिवारात पोचली आहेत. सौर पॅनेल २०२२ च्या नियमांत ई-कचऱ्याच्या कक्षेत आली. मात्र त्यांच्यासाठी वेगळी तरतूद आहे: २०३४-३५ पर्यंत उत्पादकांनी हा कचरा नोंद ठेवून नीट साठवायचा आहे. त्यामुळे आधी पुरवठादार कंपनीला कळवा. योजनेतल्या पंपांना पाच वर्षांची दुरुस्तीची हमी आणि विमा असतो. फुटलेलं पॅनेलही उन्हात वीज बनवत राहतं, म्हणून काळा कपडा टाकून झाका आणि जोडणी माहीतगार माणसाकडूनच सोडवा. बांधावर टाकून देऊ नका. काचेचा चुरा जमिनीत राहतो, आणि डाखातलं शिसंही तिथेच झिरपू शकतं.

कारखान्यात गेल्यावर पुढे काय होतं?

आधी माणसं हाताने सोडवतात: बॅटरी, पाऱ्याचे दिवे, गॅस, शाईची कार्ट्रिजं बाजूला. चालण्याजोगे भाग वेगळे निघतात. उरलेलं यंत्रात चिरडलं जातं. लोखंड चुंबकाने ओढलं जातं, ॲल्युमिनियम भोवऱ्यासारख्या विद्युतप्रवाहाच्या जोरावर बाजूला उडवलं जातं, तांबं आणि प्लास्टिक वजनाच्या फरकाने वेगळं होतं. सर्किट बोर्ड धातू गाळणाऱ्या खास कारखान्यांकडे जातात.

सगळं काही परत मिळतं असं मात्र नाही. उत्पादकांची प्रमाणपत्रं सोनं, तांबं, ॲल्युमिनियम आणि लोखंड या चार धातूंपुरती मोजली जातात, त्यामुळे प्लास्टिक आणि काच यांकडे तेवढं लक्ष जात नाही. जुन्या टीव्ही-संगणकांच्या प्लास्टिकमध्ये आग रोखणारी ब्रोमिनयुक्त द्रव्यं असू शकतात, ते बादल्या-खेळण्यांत मिसळणं धोक्याचं आहे. नियमांत सुधारणा व्हायला हवी ती इथे.

आमच्या सोसायटीत एक दिवस संकलन करायचं आहे. सुरुवात कुठून करू?

आधी कारखाना किंवा संस्था ठरवा, मग तारीख. उलटं केलं की गोळा केलेला माल जिन्याखाली महिनोन्‌महिने पडतो. पावसाळा टाळा, दिवाळीच्या आधीचे दोन रविवार सगळ्यात चांगले. दर वर्षी १४ ऑक्टोबरला आंतरराष्ट्रीय ई-कचरा दिन असतो, त्या निमित्ताने शाळा लवकर तयार होतात. सूचना फलकावर काय आणायचं याबरोबर काय आणायचं नाही तेही लिहा: गाद्या, फर्निचर, काचेच्या बाटल्या हमखास येतात. टेबलावर वजनकाटा, चिकटपट्टी आणि वाळूचा डबा हवा. बॅटऱ्या आणि दिवे पहिल्यापासून वेगळ्या खोक्यांत. चालू वस्तूंवर चिठ्ठी लावा, त्या दुरुस्तीवाल्याकडे जातील. माहिती पुसायला मदत करणारा एखादा जाणकार मुलगा किंवा मुलगी टेबलाशी बसवा, ज्येष्ठ मंडळी तिथेच फोन देऊन मोकळी होतात. सोसायटीचा सफाई कामगार आणि नेहमीचा भंगारवाला यांना त्या दिवसाच्या कामाचे पैसे देऊन बरोबर घ्या. गाडी निघण्याआधी एकूण वजनाची पावती घ्या, आणि काही आठवड्यांनी पुनर्चक्रणाचं प्रमाणपत्र आलं की ते फलकावर लावा.